मीठ म्हणजे मीठ

काही वाक्ये आपल्या तोंडात इतकी बसून गेलेली असतात की ती उच्चारताना विचार करण्याची आवश्यकताच आपणांस वाटत नाही. 'नियम तो नियम', 'व्यवहार तो व्यवहार', 'मीठ म्हणजे मीठ' अशी ही वाक्ये. त्यांत एकच शब्द दोनदा आलेला असल्यामुळे ती खोटी ठरण्याचा संभवच नाही, असा आपला समज असतो. तीसएक वर्षे शाळेत विज्ञान आणि भूगोल हे विषय शिकविल्यामुळे मला तर असल्या वाक्यांची विशेष सवय जडली होती. गेल्या पावसाळ्यात त्यांपैकी शेवटचे वाक्य मी माझ्या नातवासमोर मोठ्या अधिकारवाणीने उच्चारले, आणि तीन दिवसांच्या आत आमच्या घरातील दोन मुके जीव त्या वाक्यापायी प्राणास मुकले.

परंतु आमच्या घरी समुद्र कसा आला, ते प्रथम सांगितले पाहिजे. आमचे गाव धाराशिव. बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर ते वसले आहे, आणि मुंबईचा किनारा येथून रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. आमची उंची समुद्रापासून मोजतात, एवढाच काय तो आमचा त्याच्याशी संबंध! नव्वदीला टेकलेल्या माझ्या आईने तर समुद्र अजून पाहिलेला नाही. अशा ह्या घरात दोन वर्षांपूर्वी नातवाच्या पुण्याच्या मामांनी, भाचा परीक्षेत पहिला आला म्हणून, साठ लिटरांची एक काचेची पेटी पाठविली. तिच्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन विदूषक मासे, एक तांबडी कोळंबी आणि पाचसहा गोगलगाई होत्या. हे सारे खाऱ्या पाण्यातले प्राणी. त्यांच्यासाठी मामा पुण्याहून एक मिठाची पिशवी पाठवीत. लिटरभर शुद्ध पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ विरघळवावे, असे तिच्यावर छापलेले असे. पिशवीवर लाटांचे चित्र होते आणि 'सागरी मीठ' अशा अर्थाचे शब्द होते.

आईला हा प्रकार पहिल्यापासून पसंत नव्हता. "माणसांना प्यायला पाणी नाही, आणि माशांना समुद्र!" असे ती म्हणे. तिचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. १९७२ चा दुष्काळ तिने भर संसारात सोसला होता, आणि २०१६ साली शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते तर आम्ही सर्वांनीच पाहिले होते. नातवाने मात्र आपल्या परीने तिचे समाधान केले. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे पाणी वाया जाई ते तो बादलीत धरी आणि आजीला भांडी घासण्यासाठी नेऊन देई. पुढे त्याने तिला एक मौजेची गोष्टही दाखविली. पेटीतील पाणी वाफ होऊन थोडे थोडे कमी होई. ते भरून काढण्यासाठी तो रोज तांब्याभर गोडे पाणीच घाली, खारे नव्हे. "पणजी, मीठ उडून जात नाही, नुसते पाणीच जाते," तो म्हणाला. त्यावर पणजीने "म्हणूनच पाऊस गोड पडतो," असे उत्तर दिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या बाईने माझा भूगोलाचा एक तास तेवढ्या चार शब्दांत उरकला होता.

एका रात्री पेटीचा एक सांधा सुटला. पहाटे उठून पाहतो तो बैठकीच्या खोलीत फरशीभर समुद्र! तळाशी उरलेल्या पाण्यासकट नातवाने मासे, कोळंबी आणि गोगलगाई दोन बादल्यांत उचलून ठेवल्या. काचेच्या कारागिराने पेटी दुरुस्त करून दिली. पण आता तिच्यात घालण्यास पाणी हवे होते, आणि मामांच्या पिशवीत जेमतेम दोन मुठी मीठ उरले होते. मामा परगावी, नवी पिशवी येण्यास चार दिवस लागणार. बादलीतले मासे वर येऊन तोंडे उघडू लागले होते. अशा प्रसंगी घरातील वडील माणसाने निर्णय घ्यावयाचा असतो, आणि मी तो घेतला. साठ लिटरांस पस्तीस ग्रॅमप्रमाणे दोन किलो शंभर ग्रॅम होतात, हा हिशेब करून मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून जाडे मीठ आणविले.

नातू पिशवी हातात घेऊन घुटमळला. "आबा, हे मीठ चालेल? त्या पिशवीवर समुद्राचे असे लिहिले आहे."

"अरे वेड्या," मी हसून म्हणालो, "हे तरी कुठले आहे? समुद्राचेच की! मीठ म्हणजे मीठ."

मी मीठ तोलले, विरघळवले, बोट बुडवून जिभेला लावले. पाणी स्वच्छ खारट लागले. प्रयोग यशस्वी झाल्याचा आनंद मला झाला. मी बादल्यांतील जुने पाणी ओतून टाकण्यास सांगितले. परंतु नातवाने, का कोण जाणे, त्यातली एक बादली न्हाणीघरात तशीच झाकून ठेवली. त्याच्या ह्या अविश्वासाचा मला थोडा रागही आला.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी कोळंबी एका कुशीवर पडलेली आढळली. गोगलगाई कवचांची दारे लावून बसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन माशांपैकी एक तळाशी निश्चल होता. नातवाने उरलेला मासा आणि गोगलगाई न्हाणीघरातील बादलीत नेऊन सोडल्या. तो रडला नाही, आणि मला एका शब्दानेही बोलला नाही. मात्र त्या दिवशी जेवताना त्याने मला एकच प्रश्न विचारला: "आबा, मग त्या पिशवीतले मीठ कुठून येते?"

मुलाने दोष दिला असता तर मी काहीतरी समर्थन केले असते. प्रश्नाला मात्र उत्तरच द्यावे लागते. जुनी पुस्तके काढून आणि नवी मिळवून मी शोधास लागलो, आणि जे कळले त्याने मी पुरता शरमलो. कारण त्यातील निम्मे मी वर्गात शिकविले होते. त्याचा अर्थ मात्र माझ्या ध्यानात आला नव्हता.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात हे खरे. परंतु ज्याला आपण मीठ म्हणतो त्या सोडियमचा आणि क्लोराइडचा वाटा त्यात शंभरी पंच्याऐंशीच्या आसपास भरतो. उरलेल्या पंधरा भागांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि लेशमात्र इतर पुष्कळ द्रव्ये येतात. लिटरभर पाण्यात मॅग्नेशियम सव्वा ग्रॅमच्या थोडे वर, तर कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी सुमारे ०.४ ग्रॅम. 'चॅलेंजर' नावाचे इंग्रज जहाज १८७२ ते १८७६ ह्या काळात पृथ्वीवरील समुद्र हिंडून आले. त्याने आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार ह्या रसायनज्ञाने तपासले आणि १८८४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोठे पाणी अधिक खारे, कोठे कमी. परंतु मोकळ्या समुद्रात ह्या मुख्य द्रव्यांचे परस्परांशी प्रमाण जवळजवळ सर्वत्र तेच. म्हणजे समुद्र हा जणू एकाच पाककृतीने रांधलेला पदार्थ आहे; पाणी थोडे कमीअधिक झाले तरी मसाल्याचे माप बदलत नाही.

मग हा मसाला वाण्याच्या मिठातून जातो कोठे? ह्याचे उत्तर मी लहानपणीच डोळ्यांनी पाहिले होते. मुंबईकडे जाताना गाडीच्या खिडकीतून दिसणारी मिठागरे आणि त्यांच्या कडेला रचलेले पांढरे ढीग मला अजून आठवतात. भरतीचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात खेळवीत नेतात, आणि ऊन-वारा त्याला आटवीत जातो. परंतु सर्व क्षार एकदम खाली बसत नाहीत. प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. प्रथम थोडा चुना बसतो. पाणी पाचाचे एक उरते त्या सुमारास चिरोडी बसू लागते. दहाचे एक उरले म्हणजे मिठाचे स्फटिक धरतात. आणि मीठ ओढून काढल्यावर जे दाट पाणी उरते त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम राहून जातात. ते पाणी जहर कडू असते. आगरी ते वेळीच काढून टाकतो, कारण ते मिठात उतरले तर मीठ कडवट होते आणि दमटपणा धरते. चांगला मिठागरवाला तोच, ज्याला हे कडू पाणी केव्हा सोडावे हे कळते.

येथे मला आपल्या भाषेचे मोठे कौतुक वाटले. उत्तरेकडे 'मीठा' म्हणजे गोड. आणि आपण खाऱ्या पदार्थाला 'मीठ' म्हणतो. दोन्ही शब्द एकाच संस्कृत मुळाचे. ह्या विसंगतीवर मी वर्गात अनेकदा विनोद केला होता. परंतु समुद्रातले कडू काढून टाकल्यावर जे उरते, त्याला दुसरे नाव तरी काय द्यावे? वाण्याच्या मिठात खोट कसलीच नव्हती. ते माणसाच्या जिभेसाठी निवडलेले होते, आणि मी ते माशाच्या रक्तासाठी वापरले.

निव्वळ मिठाचे पाणी जिवाला कसे बाधते, ह्याचाही इतिहास आहे. १८८० नंतरच्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचे हृदय काढून ते मिठाच्या पाण्यात किती वेळ चालते हे पाहत होते. एकदा ते फार उत्तम चालले. परंतु पुढे शोध करता असे आढळले की साहाय्यकाने शुद्ध केलेल्या पाण्याऐवजी साधे नळाचे पाणी वापरले होते. नळाच्या पाण्यात चुना होता. शुद्ध पाणी घेऊन तोच प्रयोग केला तेव्हा हृदय लवकर बंद पडले. त्यात किंचित कॅल्शियम घालताच ते पुन्हा धडधडू लागले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जाक लोब ह्या शास्त्रज्ञाने समुद्रातील एका लहान माशाची अंडी घेतली. समुद्राइतक्याच खाऱ्या, पण निव्वळ मिठाच्या पाण्यात ती वाढेनात. थोडेसे कॅल्शियम मिसळताच ती वाढू लागली. हे वाचताना आमच्या पेटीच्या तळाशी निश्चल पडलेला तो नारिंगी जीव माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी जिभेने घेतलेली परीक्षा शंभरातील पंच्याऐंशी गुणांची होती. उरलेल्या पंधरा गुणांत त्याचे प्राण होते.

आता पिशवीकडे वळतो. तिच्यावरील लाटांच्या चित्रामुळे माझीही अशी कल्पना झाली होती की कोठेतरी निळ्या किनाऱ्यावर समुद्र आटवून ती भरीत असतील. काही कारखानदार समुद्राच्या पाण्यापासूनच आरंभ करतात; पण आटताना प्रत्येक क्षार आपापल्या वेळी वेगळा होत असल्यामुळे त्यांनाही पुढे कमीजास्त भरून मेळ घालावाच लागतो. पुष्कळ पिशव्यांतील मीठ तर निरनिराळे क्षार मापून एकत्र केलेले असते. ही युक्ती जुनी आहे. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि घरोघर समुद्री प्राणी पाळण्याची हौस पसरली. तेव्हा किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी फिलिप हेन्री गॉस ह्या निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली साधे मीठ, एप्समचे मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड अशा चार द्रव्यांपासून समुद्राचे पाणी तयार करण्याची कृती प्रसिद्ध केली. तिच्यात पुढे कॅल्शियमची, खाण्याच्या सोड्याची, स्ट्रॉन्शियमसारख्या विरळ द्रव्यांची भर पडली. मूळ कल्पना तीच राहिली.

आणि ही द्रव्ये येतात कोठून? साधे मीठ मिठागरांतून किंवा खाणींतून. मॅग्नेशियम क्लोराइड येते ते बहुतांशी मिठागरवाल्याने टाकलेल्या त्याच कडू पाण्यातून, किंवा मृत समुद्रासारख्या अतिखाऱ्या सरोवरांतून. आपल्याकडे कच्छच्या लहान रणाच्या कडेला खाराघोडा म्हणून गाव आहे. तेथे अगरिये लोक जमिनीखालचे खारे पाणी उपसून मीठ पिकवितात, आणि मागे उरलेल्या कडू पाण्यातून मॅग्नेशियम क्लोराइड व ब्रोमीन काढतात. पोटॅशियमचे क्षार कॅनडा, जर्मनी अशा देशांतील खाणींतून निघतात. तेथे कोट्यवधी वर्षांपूर्वी आटून गेलेले समुद्र जमिनीखाली थर होऊन पडले आहेत. जर्मनीतील थर सुमारे २५ कोटी वर्षांचे. कॅल्शियम क्लोराइड पुष्कळदा धुण्याचा सोडा करणाऱ्या कारखान्यांतून निघते. मीठ आणि चुनखडी ह्यांपासून सोडा करताना ते मागे उरते. म्हणजे त्या पिशवीत एक समुद्र नव्हताच. त्यात मेलेल्या समुद्रांची हाडे होती, जिवंत समुद्राने टाकलेले कडू होते आणि कारखान्यात मागे राहिलेले शेष होते. हे सारे डिटमारच्या मापाने पुन्हा एकत्र केलेले.

समुद्राचा माल आमच्या पठारावर येणे ही काही नवी गोष्ट नव्हे. येथून जवळच, तेरणेच्या काठी, तेर नावाचे गाव आहे. तेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापारी पुस्तकाने त्याचा उल्लेख केला आहे: पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील फार मोठे नगर, जेथून कापड आणि समुद्रकाठच्या प्रदेशांतून तेथे आलेला माल भडोचच्या बंदराकडे जातो. पुढील काळात लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ लादून ह्या घाटांनी चढत. त्यांचे नावच 'लवण' ह्या शब्दावरून पडले, असे कित्येक अभ्यासक मानतात. १९४८ पर्यंत आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याला समुद्रकिनाराच नव्हता. मिठाचा प्रत्येक खडा बाहेरून येई. मिठाला जागण्याची भाषा आमच्याकडे इतकी खोल रुजली, ह्यात नवल ते काय!

हे सारे मी नातवाला सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग, मुले करतात त्याप्रमाणे, प्रश्न एक पायरी खाली नेला: "पण आबा, समुद्रात तरी मीठ कुठून आले?"

हे मात्र मी शिकविले होते, आणि ह्या वेळी उत्तर देण्यापूर्वी मी विचार केला. क्लोरीन बहुतांशी पृथ्वीच्या पोटातून ज्वालामुखींबरोबर आले. परंतु सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे नद्यांनी खडक झिजवून नेले. १८९९ साली जॉन जोली ह्यांनी नद्या दरवर्षी किती सोडियम नेतात ह्यावरून समुद्राचे वय नऊदहा कोटी वर्षे काढले. ते फार कमी ठरले. कारण समुद्र मीठ घेतो तसे टाकतोही, हे त्या हिशेबात पुरेसे धरले नव्हते. त्याने टाकलेल्या मिठाच्याच तर त्या खाणी! आणि आमचा जिल्हा? साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड तो. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. पाऊस पश्चिमेच्या समुद्रावरून येतो, तो पणजीने सांगितल्याप्रमाणे गोड. आमच्या दगडामातीतून तो चार कण उचलतो आणि तेरणा मांजऱ्यातून गोदावरीला, सीना भीमेतून कृष्णेला असे करीत पूर्वेच्या समुद्रात नेऊन टाकतो. आम्ही समुद्र पाहिला नसेल; परंतु त्याच्या मसाल्यात आमची चिमूट आहे.

नातू उठला आणि पाणी तापविण्याचे जुने पातेले घेऊन आला. कूपनलिकेच्या पाण्याने त्याच्या बुडाशी पांढरे कवच धरले होते. दर महिन्यास ते खरवडताना सौभाग्यवती ह्या गावाच्या पाण्याला नावे ठेवतात. "हेच ना ते?" त्याने विचारले. तेच होते; कॅल्शियम आणि थोडे मॅग्नेशियम. ज्याच्या अभावी आमचा समुद्र मेला, ते आमच्याच स्वयंपाकघरात पातेल्याला चिकटून बसले होते. "मग हेच खरवडून घालू या का?" असे त्याने विचारले, तेव्हा त्या प्रसंगानंतर प्रथमच आम्ही दोघे हसलो. "नको," मी म्हणालो, "पुन्हा अंदाजाने काही करावयाचे नाही."

चौथ्या दिवशी एस.टी.ने पिशवी आली. ह्या वेळी तोलण्याचे काम मी नातवाकडे दिले आणि मी नुसता पाणी ढवळीत बसलो. तो अधूनमधून माझ्याकडे पाही, आणि मी मान डोलवी. अधिकारवाणीचा उपयोग करण्याची मला इच्छा उरली नव्हती. न्हाणीघरातील बादलीत मासा अजून जिवंत होता. मी जे पाणी ओतून टाकण्यास सांगितले होते, त्याच पाण्याने त्याला चार दिवस राखले होते. एका रात्रीनंतर पाणी निवळले. तेव्हा आई काठी टेकीत आली आणि म्हणाली, "बघू रे, समुद्र कसा लागतो तो."

नातवाने चमच्याने थेंबभर पाणी तिच्या तळहातावर घातले. तिने ते जिभेला लावले, डोळे मिटले आणि क्षणभर काही बोलली नाही.

"खारट आहे," ती म्हणाली, "पण मागून कडू लागते."

नातवाने माझ्याकडे पाहिले. "मग बरोबर जमले आहे," असे म्हणून त्याने मासा हलकेच पाण्यात सोडला.